पस्तीस अंक आणि एक चुकलेलं गाणं

२९ मार्च १९६० चा 'न्यूयॉर्क टाइम्स' साडेसहा लाखांच्या आसपास छापला गेला. त्यातले ३९४ अंक अलाबामा राज्यात पोचले, आणि त्यातले जेमतेम ३५ मॉन्टगोमेरी परगण्यात. एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडांना वाटून संपतील एवढेच. त्या ३५ अंकांपायी वर्तमानपत्रावर पाच लाख डॉलरचा हुकूमनामा झाला आणि चार धर्मोपदेशकांच्या मोटारी लिलावात निघाल्या. चार वर्षांनी त्याच अंकांपायी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला आपल्या राज्यघटनेचा एक कोपरा नव्याने वाचावा लागला. हा खटला मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्या ३५ या आकड्यावरच अडकलो होतो.

वाद बातमीवरून झाला नव्हता, अग्रलेखावरूनही नव्हता. तो झाला पैसे भरून छापलेल्या पानभर जाहिरातीवरून. अलाबामा सरकारने मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर प्राप्तिकराच्या विवरणात खोटं लिहिल्याचा खटला भरला होता. त्यांच्या बचावासाठी न्यूयॉर्कमध्ये एक समिती उभी राहिली आणि निधी जमवण्यासाठी तिने सुमारे ४,८०० डॉलर मोजून हे पान घेतलं. दक्षिणेतले कृष्णवर्णीय विद्यार्थी शांतपणे आपला हक्क मागताहेत आणि त्यांच्यावर दहशतीची लाट सोडली जाते आहे, असा मजकूर. खाली नामांकित मंडळींची नावं. पान अपुरं वाटलं म्हणून शेवटच्या घटकेला दक्षिणेतल्या काही धर्मोपदेशकांची नावंही घातली गेली. त्यातल्या अलाबामातल्या चौघांना, राल्फ अ‍ॅबरनथी, फ्रेड शटल्सवर्थ, सॉलोमन सी आणि जोसेफ लोअरी यांना, कुणी विचारलंच नव्हतं. आपलं नाव छापून आलंय हे त्यांना कळलं ते नंतर, मजकूर मागे घेण्याची मागणी करणारी नोटीस हातात पडल्यावर.

मजकुराचा गाभा खरा होता. चुका होत्या त्या तपशिलात. मॉन्टगोमेरीतल्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहून एक देशभक्तिगीत म्हटलं, असं जाहिरातीत होतं. त्यांनी गाणं म्हटलं होतं, पण ते दुसरं, राष्ट्रगीत. किंग यांना सात वेळा अटक झाली असं लिहिलं होतं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांची उपासमार करून त्यांना नमवण्यासाठी कॉलेजच्या भोजनगृहाला कुलूप ठोकलं, असं म्हटलं होतं, पण कुलूप ठोकलं गेलं नव्हतं. पोलिसांनी कॉलेजला वेढा घातला असं छापलं होतं. खरं म्हणजे ते तीनदा मोठ्या संख्येने परिसराजवळ आले होते, पण त्यांनी वेढा कधी घातला नाही. नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं हे खरं, पण जाहिरातीत दिलेलं कारण चुकलं होतं.

वर्तमानपत्राच्या कचेरीत वावरलेल्या माणसाला या चुका ओळखीच्या वाटतील. रात्री उशिरा, पान सोडायच्या गडबडीत होतात त्या. माझ्याही हातून झाल्या आहेत. दुसऱ्या दिवशी चौकटीत 'चूकभूल' छापताना पोटात पडणारा खड्डा मला ठाऊक आहे. म्हणून पुढे जे घडलं ते मला कायद्याच्या पुस्तकातलं प्रकरण वाटत नाही.

मॉन्टगोमेरी शहराचा कारभार तेव्हा तीन निवडून आलेले आयुक्त पाहत. पोलीस खातं एल. बी. सलिव्हन यांच्याकडे होतं. जाहिरातीत त्यांचं नाव नव्हतं, हुद्दाही नव्हता. पण सलिव्हन यांचं म्हणणं असं की पोलीस म्हणजे मी. पोलिसांनी अत्याचार केले म्हणजे मी केले. जाहिरातीत पुढे एक वाक्य होतं, की 'त्यांनी' किंग यांच्या घरावर बाँब टाकला आणि त्यांना पुन्हा पुन्हा अटक केली. अटक पोलीसच करतात, तेव्हा हे 'ते' म्हणजेही पोलीस, आणि पर्यायाने मीच. बाँब पडले तेव्हा आणि चारपैकी तीन अटका झाल्या तेव्हा सलिव्हन पदावर आलेलेही नव्हते. त्यांनी टाइम्सकडे आणि त्या चार धर्मोपदेशकांकडे मजकूर मागे घेण्याची मागणी केली, आणि मग पाच लाख डॉलरचा दावा ठोकला.

अलाबामाच्या कायद्यात अब्रुनुकसानीचं यंत्र असं होतं. मजकूर बदनामीकारक दिसला की तो खोटा आहे असं धरून चालायचं. दावा करणाऱ्याचं नुकसान झालं, हेही धरून चालायचं. ते सिद्ध करायची गरज नाही. छापणाऱ्याला सुटकेची वाट एकच, छापलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं असं दाखवून देणं. गाणं चुकलं की ती वाट बंद.

मॉन्टगोमेरीच्या न्यायालयात गोरे आणि काळे वेगवेगळे बसवले गेले. ज्युरीत बाराही जण गोरे. सलिव्हन यांच्या बाजूने साक्ष द्यायला शहरातले प्रतिष्ठित नागरिक आले आणि म्हणाले, ही जाहिरात सलिव्हन यांच्याविषयी आहे असं आम्हांला वाटलं. पण त्यात लिहिलेलं तुम्ही खरं मानलं का? त्यांच्यापैकी एकानेही हो म्हटलं नाही. म्हणजे ज्या माणसाची अब्रू गेली म्हणून खटला चालला होता, त्याच्याविषयी कुणाचंच मत तसूभरही खाली आलं नव्हतं. ३ नोव्हेंबर १९६० रोजी, अडीच तासांच्या आत, ज्युरीने निकाल दिला: मागितले तेवढे सगळे, पाच लाख डॉलर. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही तो उचलून धरला.

ते चार धर्मोपदेशकही या हुकूमनाम्यात बांधले गेले होते. अपील चालू असतानाच त्यांच्या मोटारी जप्त होऊन विकल्या गेल्या आणि अ‍ॅबरनथींची जमीनही गेली. आपलं नाव त्या पानावर आहे हे ज्यांना ठाऊकही नव्हतं, त्यांच्यावर ही पाळी आली.

सलिव्हन एकटे नव्हते. मॉन्टगोमेरीच्या महापौरांनी दावा लावला, राज्याच्या गव्हर्नरांनीही लावला. बर्मिंगहॅम शहरातल्या वंशभेदावर टाइम्सच्या हॅरिसन सॅलिसबरी यांनी मालिका लिहिली होती, तिच्यावरून तिथल्या अधिकाऱ्यांनीही लावले. खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला तोवर अलाबामात टाइम्सवर असे आणखी अकरा दावे प्रलंबित होते आणि त्यांत मिळून ५६ लाख डॉलर मागितले होते. सीबीएस या प्रसारण कंपनीवर आणखी पाच. टाइम्सच्या वकिलांनी बातमीदारांना अलाबामात पाऊलच ठेवू नका असं सांगितलं. कारण राज्यात गेलेल्या बातमीदाराच्या हाती नोटीस देता आली असती. हे वाचताना माझ्या मनात लख्ख उजेड पडला. एखाद्या प्रदेशातली बातमी थांबवायला छापखाना फोडावा लागत नाही, संपादकाला पकडावंही लागत नाही. रोजच्या ओळखीचा साधा कायदा पुरतो, जो आपल्या नावाला लागलेला डाग पुसायला केलेला असतो.

आपल्याकडे हा धडा त्याच्या ७८ वर्षं आधी गिरवून झाला होता. 'केसरी' आणि 'मराठा' जानेवारी १८८१ मध्ये निघाले. वर्षभरातच दोन्ही पत्रांनी कोल्हापूरच्या छत्रपतींचा, तरुण चौथ्या शिवाजी महाराजांचा, प्रश्न हाती घेतला. महाराजांना वेड लागल्याचं सांगून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रं कुणीतरी आणून दिली, ती खरी मानून त्यांच्या आधारे लिहिलं गेलं. बर्व्यांनी मुंबईत फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ ला या संपादकांना, आगरकरांना आणि टिळकांना, चार-चार महिन्यांची कैद झाली आणि दोघं डोंगरीच्या तुरुंगात गेले. दोघंही १८५६ च्या जुलैतले. आगरकरांनी नुकतीच सव्विशी गाठली होती, टिळकांनी ती तुरुंगातच, आठवड्याच्या आत गाठली. खटला चालू असताना त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांची जामीनकी भरली ती रामशेठ उरवणे यांनी, महात्मा फुल्यांच्या शब्दावरून. फुल्यांचे विचार आणि या मंडळींचे विचार कितीतरी बाबतींत जुळत नव्हते, तरीही. या एका गोष्टीसाठी मला त्या काळाचं पुणं फार जवळचं वाटतं.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हीकडे एक पीडित पक्ष, दोन्हीकडे छापणाऱ्यांचा प्रामाणिक विश्वास, दोन्हीकडे चूक. आणि दोन्हीकडे फिर्यादी सत्तेच्या खुर्चीवर बसलेला. पुण्याच्या दोघांच्या वाट्याला डोंगरी आली. टाइम्सच्या वाट्याला ९ मार्च १९६४ आला.

त्या दिवसापर्यंत अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी, अब्रुनुकसानीला लागू होते असं कुणी मानत नव्हतं. बदनामीकारक मजकूर त्या हमीच्या कुंपणाबाहेर, हा जुना समज. हर्बर्ट वेक्सलर हे कायद्याचे प्राध्यापक टाइम्सच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी न्यायाधीशांना थेट १७९८ सालात नेलं.

मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत विलक्षण वाटते ती ही उडी. १७९८ मध्ये, देश जेमतेम वयात येत असताना, राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या पक्षाने एक राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि द्वेषमूलक लिहिलं तर दोन हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची कैद. उपराष्ट्राध्यक्षांचं नाव त्या यादीत नव्हतं, कारण त्या खुर्चीवर विरोधी गटाचे थॉमस जेफर्सन होते आणि त्यांच्यावर टीका झालेली सत्ताधाऱ्यांना हवीच होती. मॅथ्यू लायन या काँग्रेस-सदस्याला याच कायद्याखाली चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या शिक्षेइतकीच. आणि तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. जेम्स मॅडिसन यांनी या कायद्यावर कडाडून हल्ला केला. त्यांच्या विवेचनाचं सार असं, की इथे राज्य लोकांचं आहे. सरकारने लोकांना जाब विचारायचा नाही, लोकांनी सरकारला विचारायचा. १८०१ मध्ये मुदत संपून कायदा मेला. जेफर्सननी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याखालच्या कैद्यांना माफी दिली, आणि पुढे काँग्रेसने वसूल केलेले दंडही परत केले. पण हा कायदा घटनाविरोधी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने कधी म्हटलं नव्हतं. तो प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता.

न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी न्यायालयाच्या वतीने निकाल लिहिला आणि दीडशेहून अधिक वर्षं उलटल्यावर त्या मेलेल्या कायद्याचा निवाडा केला: इतिहासाच्या दरबारात तो कधीच बाद झालेला आहे. मग पुढचं पाऊल आपोआप पडतं. सरकारवरच्या टीकेला फौजदारी शिक्षा देता येत नसेल, तर तीच शिक्षा दिवाणी दाव्याच्या रूपाने, आणि तीही कितीतरी पट जड, कशी देता येईल? त्या जुन्या कायद्यात दोन हजार डॉलर होते. मॉन्टगोमेरीत पाच लाख.

त्यातून नियम निघाला. सरकारी पदावरच्या माणसाला आपल्या कामाविषयीच्या टीकेबद्दल भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता एवढं दाखवून भागणार नाही. छापणाऱ्याला तो खोटा आहे हे माहीत होतं, किंवा खरं की खोटं याची त्याने मुळीच पर्वा केली नाही, हे दाखवावं लागेल. आणि तेही लख्ख, खात्रीच्या पुराव्याने. कारण जिवंत वादात चुका होणारच. फक्त खरंच बोलण्याची मुभा दिली, तर खरं बोलणाराही गप्प बसतो. आपलं म्हणणं खरं आहे हे त्याला माहीत असतं, पण ते कोर्टात सिद्ध करता येईल की नाही, आणि तोवरचा खर्च झेपेल की नाही, हे माहीत नसतं. माझ्या मते या निकालाचा जीव या एका निरीक्षणात आहे. त्याने चुकीला संरक्षण दिलं ते चुकीच्या प्रेमापोटी नाही. खऱ्याला श्वास घ्यायला जागा लागते, म्हणून दिलं.

आणखी एक तोल त्यांनी साधला. कर्तव्य बजावताना अधिकारी काही बोलला तर त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा टिकत नाही, हे आधीच ठरलेलं होतं, नाहीतर तो भीतीने कामच करू शकणार नाही. मग टीका करणं हे ज्याचं कर्तव्य, त्या नागरिकाला तशीच ढाल का नको? नागरिकाची टीका हेसुद्धा एक सार्वजनिक काम आहे, अधिकाऱ्याच्या कामाच्या तोडीचं. हे वाक्य मनात घोळवत मी एकदा संध्याकाळभर चाललो होतो.

न्यायालय इथे थांबलं नाही. खटला पुन्हा मॉन्टगोमेरीला पाठवला तर तिथली ज्युरी नव्या शब्दांत जुनाच निकाल देईल, हे दिसत होतं. म्हणून त्यांनी पुरावाच हाती घेतला. टाइम्सच्या कपाटात जुनी कात्रणं होती. ती उघडून पाहिली असती तर चुका तिथल्या तिथे सापडल्या असत्या. जाहिरात विभागाने ती उघडली नाहीत, सह्या करणाऱ्यांच्या लौकिकावर विश्वास ठेवला. न्यायालय म्हणालं, फार तर हा निष्काळजीपणा. जाणूनबुजून केलेलं खोटं नव्हे. आणि 'पोलीस म्हणजे मी' हा धागाही त्यांनी तोडला. सरकारी यंत्रणेवरची टीका ही त्या यंत्रणेच्या प्रमुखाची वैयक्तिक बदनामी ठरवता येऊ लागली, तर राजद्रोहाचा कायदा मागच्या दाराने घरात येतो.

आता मला जी गोष्ट टोचते ती सांगतो. बर्वे. त्यांच्या नावावर खोटी पत्रं रचली गेली आणि महाराष्ट्रभर वाचली गेली. त्या प्रकरणापुरता तरी अन्याय त्यांच्यावर झाला होता. १९६४ ची कसोटी लावली तर, माझ्या समजुतीप्रमाणे, टिळक आणि आगरकर सुटले असते, कारण पत्रं बनावट आहेत हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांचा त्यांवर खराच विश्वास होता. मग बर्व्यांच्या हाती काय उरलं असतं? माफी, खुलासा, आणि लोकांची आठवण. हे थोडं आहे. अमेरिकेतही या निकालावर आक्षेप आहेत, त्यातले काही मला बिनबुडाचे वाटत नाहीत. तरीही डोंगरीची कोठडी आणि बर्व्यांचं दुखावलेलं नाव यांत निवड करायची वेळ आली, तर मी कोठडी रिकामी ठेवीन. बर्व्यांपाशी सत्ता होती, आणि उत्तर द्यायला लागणारी सगळी कागदपत्रंही.

भारतात हा नियम आला तो मद्रासमार्गे. 'ऑटो शंकर' नावाच्या फाशीच्या कैद्याने तुरुंगात तीनशे पानांचं आत्मचरित्र लिहिलं. आपल्या गुन्ह्यांत पोलीस आणि तुरुंग अधिकारी कसे सामील होते, ते त्यात होतं. 'नक्कीरन' हे तमिळ साप्ताहिक ते छापणार म्हटल्यावर तुरुंग खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्र धाडलं: छापाल तर कारवाई होईल. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी सलिव्हन खटल्याचा आधार घेत लिहिलं, की अधिकारी छपाई आधीच थांबवू शकत नाहीत. सरकार किंवा नगरपालिका स्वतःच्या अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाही. आणि अधिकाऱ्याच्या कामाविषयी छापलेलं चुकीचं निघालं, तरी सत्याची बेपर्वाई दाखवल्याशिवाय त्याला भरपाई मिळणार नाही.

पण हे सगळं दिवाणी बाजूचं. आपल्याकडे दुसरं दार उघडंच आहे, ते फौजदारीचं. १८६० च्या दंडसंहितेतलं बदनामीचं कलम ४९९, दोन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये राहायला आलं आहे. २०१६ मध्ये ते घटनेला धरून आहे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि कलम टिकलं. मंत्री किंवा सरकारी अधिकारी यांची त्यांच्या कामासंदर्भात बदनामी झाली, तर त्यांच्या वतीने सरकारी वकीलच सत्र न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे अधिकाऱ्याला पदरचं काही मोजावं लागत नाही. संपादकाला प्रत्येक तारखेला हजर राहावं लागतं, शिक्षा होवो न होवो.

या कलमाला एक अपवाद पहिल्यापासून आहे: सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेलं मत ही बदनामी नव्हे. ऐकायला सलिव्हनसारखंच. पण सद्भावना म्हणजे काय, तेही कायद्याने सांगून ठेवलं आहे, आणि ती व्याख्या नव्या संहितेतही उतरली आहे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेलं काहीही सद्भावनेने केलेलं धरायचं नाही. म्हणजे मनात खोट नसणं पुरत नाही, काळजीही घेतलेली दिसली पाहिजे. ब्रेनन यांनी निष्काळजीपणा म्हणून माफ केलेली गोष्ट इथल्या फौजदारी न्यायालयात गुन्ह्याकडे झुकते. न्यूयॉर्कच्या कचेरीतलं ते न उघडलेलं कात्रणांचं कपाट मुंबईच्या न्यायालयात असतं, तर सरकारी वकिलाने सर्वांत आधी त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं.

आगरकर आणि टिळक १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले. आगरकरांनी त्या दिवसांत 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर हाती घेतलं. तेच पुढे 'विकारविलसित' या नावाने आलं. आणि त्या दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. कोल्हापूरच्या छत्रपतींना मात्र सुटका मिळाली नाही. संपादक बाहेर आले त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. पत्रं खोटी होती. महाराजांच्या जिवाची जी काळजी त्या दोन वर्तमानपत्रांनी छापली होती, ती खोटी नव्हती.